उकड जमते त्यांना हर्ब आणि चीजचे पफही जमतील

गोव्यात बेकरीच्या काचेच्या कपाटात पॅटीस नाही असं क्वचितच होतं. मडगावचा कदंब स्टँड असो, म्हापशाचा बाजार असो की फोंड्यातली एखादी गल्ली, संध्याकाळी चारच्या सुमाराला ते ट्रे भरून येतात आणि सहापर्यंत संपतात. त्यामुळे घरी नवा ओव्हन आला की पहिला प्रश्न तोच असतो, पॅटीस घरी करता येतील का? येतील, पण सुरुवात तिथून करू नका असं मी आग्रहाने सांगेन.

पॅटीसचं पीठ घड्यांचं असतं. मैद्याच्या पोळीत लोण्याचा थर ठेवून लाटायचं, घडी घालायची, गार करायचं, पुन्हा लाटायचं. लोणी थंड आणि घट्ट राहिलं तरच पापुद्रे सुटतात. आपल्याकडे मे महिन्यात स्वयंपाकघरातलं तापमान सहज ३२-३३ अंशांवर जातं, आणि लोणी ३२ ते ३५ अंशांच्या दरम्यान वितळतं. म्हणजे लाटता लाटताच ते मैद्यात मुरून जातं. बेकरीवाले यासाठी उशिरा वितळणारं मार्गारीन वापरतात. घरी तेवढा खटाटोप नवशिक्याने करावा असं मला वाटत नाही.

याच चवीकडे नेणारी दुसरी वाट आहे, आणि आपल्या हवेला ती कितीतरी जास्त मानवते. फ्रान्सच्या बरगंडी भागात चीज घातलेले छोटे, पोकळ, खरपूस पफ करतात. त्यांना गुजेर म्हणतात आणि तिथे ते वाइनसोबत खाल्ले जातात. त्यांच्या पिठाला लाटणं नाही, घड्या नाहीत, फ्रीज नाही, यीस्ट नाही, बेकिंग पावडरही नाही. पाणी आणि लोणी उकळायचं, त्यात मैदा घालून घोटायचं, गार झालं की अंडी मिसळायची आणि भाजायचं. मोदकांची उकड काढता येणाऱ्या कुणालाही यातलं निम्मं काम आधीच येतं.

फरक एकच, पण तो नीट समजून घ्यायला हवा. उकडीला आपण झाकण ठेवतो, वाफ आत कोंडतो. इथे आधी वाफ बाहेर घालवायची, मग अंड्यांतून ओलावा परत आत आणायचा, ओव्हनमध्ये त्या ओलाव्याची वाफ होऊ द्यायची आणि शेवटी तीही बाहेर काढायची. वाफ कधी राखायची आणि कधी सोडायची हे कळलं की पफ फुगतात, आणि गोव्याच्या दमट हवेतही कुरकुरीत होतात.

काय काय लागेल

१८ ते २० छोट्या पफसाठी अर्धा कप म्हणजे १२० मिलि पाणी, ५० ग्रॅम लोणी, ७० ग्रॅम मैदा, दोन ते तीन अंडी, ७५ ग्रॅम चीज, दोन मोठे चमचे बारीक चिरलेले हर्ब, अर्धा चमचा भरड कुटलेली मिरी आणि चिमूटभर किसलेलं जायफळ. घरात स्वयंपाकाचा वजनकाटा असेल तर मैदा वजनानेच घ्या. नसेल तर अर्धा कप कपात दाबून न भरता हलक्या हाताने घ्या, त्यात एक मोठा चमचा आणखी घाला आणि चाळून घ्या.

१०० ग्रॅमच्या पुड्यातलं अर्धं लोणी म्हणजे ५० ग्रॅम. ते खारं असेल तर वरून मीठ घालू नका, कारण चीजमध्येही भरपूर मीठ असतं. बिनमिठाचं लोणी असेल तर पाव चमचा मीठ पुरे.

पाण्याऐवजी निम्मं दूध घ्यायला सांगणाऱ्या पाककृती बऱ्याच आहेत. दुधामुळे रंग लवकर येतो आणि चव भरीव लागते हे खरं, पण पफ मऊ पडतात. आपल्याकडे निदान पावसाळ्यात तरी नुसतं पाणीच घ्या.

अंड्यांचा हिशेब नीट लावायला हवा. परदेशी पाककृतीतलं मोठं अंडं आणि आपल्या दुकानातलं अंडं एकाच आकाराचं नसतं, आपलं बहुतेक वेळा लहान असतं. म्हणून तीन अंडी वाडग्यात फोडून काट्याने एकजीव करा आणि त्यातली लागतील तेवढीच घाला. कवचाशिवाय साधारण ११० ग्रॅम लागतात. उरलेला चमचा-दोन चमचे भाग वाया जात नाही, भाजण्याआधी वरून ब्रशने लावायला कामी येतो. अंडी फ्रीजमधली असतील तर तासभर आधी बाहेर काढून ठेवा.

अंड्याशिवाय हे पीठ जमत नाही, हे मोकळेपणाने सांगायला हवं. पफ फुगल्यावर त्याच्या भिंती उभ्या राहतात त्या अंड्यातल्या प्रथिनांच्या जोरावर. दही, सोडा, अळशी घालून काहीतरी भाजून निघेल, पण ते पोकळ होणार नाही. सोमवारी किंवा श्रावणात घरात अंडं चालत नसेल तर हा बेत दुसऱ्या दिवसावर ढकला.

चीज

इथे जरा थांबून विचार करण्यासारखा आहे, कारण पफची अर्धी चव चीजचीच असते. मूळ पदार्थात ग्रुयेर किंवा काँते ही मुरवलेली, घट्ट चीज वापरतात. आपल्याकडे कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं ते प्रोसेस्ड चीज, आणि त्याने पफ छान होतात. २५ ग्रॅमचे तीन क्यूब घ्या. दोन किसून पिठात घालायला, एक वरून भुरभुरायला. चव मात्र सौम्य लागते. पणजी, म्हापसा, कळंगूटच्या मोठ्या दुकानांत चेडर किंवा गौडा मिळतं. त्यातलं कुठलंही एक आणून निम्मं निम्मं केलं तर पफची चव एकदम वर जाते. खर्चही फार वाढत नाही, कारण एका घाण्याला ३५-४० ग्रॅम पुरतं.

मोझरेला टाळा. त्यात पाणी जास्त असतं, त्याने पीठ जड होतं, आणि गार झाल्यावर ते चिवट लागतं. पनीर वितळत नाही. चीज स्प्रेड तर नकोच. चीज नेहमी बारीक किसणीवर किसा. मोठे तुकडे पिठात राहिले की भाजताना तिथेच भोक पडून वाफ निसटते.

हर्ब कुठले

रोझमेरी, थाइम, पार्सली मिळाली तर आनंदच. रोझमेरी आणि थाइम ओव्हनच्या उष्णतेत टिकतात, त्यांची पानं देठावरून ओरबाडून बारीक चिरा आणि एक चमचाच घ्या, जास्त झाली तर औषधी वास येतो. पण त्यासाठी अडून राहायची गरज नाही. माझी पहिली पसंती शेपू. बाजारात स्वस्तात जुडी मिळते आणि चीजबरोबर तिचं फार चांगलं जमतं. जिच्या वासाने मुलं भाजी खात नाहीत, तीच शेपू पफमध्ये त्यांना आवडते. कांद्याची पात, फक्त हिरवा भाग, हीही उत्तम. ओव्याची जाड, लवदार पानं कुंडीत असतील तर दोन-तीन पुरेत, वास उग्र असतो.

कोथिंबिरीचा सुगंध भाजताना बराचसा उडून जातो, म्हणून ती घालायचीच असेल तर कोवळे देठही चिरून घाला. पुदिना काळा पडतो आणि कडवट होतो, तो चटणीसाठी ठेवा.

पाला कुठलाही असो, धुऊन कापडावर पसरून खडखडीत कोरडा झाल्यावरच चिरा. पानांवरचं पाणी पिठात गेलं तर अंड्यांचा सगळा हिशेब बिघडतो.

मिरी आणि जायफळ मात्र सोडू नका. दोन्ही आपल्या कुळागरांत, म्हणजे माडा-पोफळीच्या बागांत पिकतात. माडा-पोफळींवर चढलेली मिरीची वेल आणि शेजारी जायफळाचं झाड हे फोंड्याकडच्या बागांत नेहमीचं दृश्य आहे. कुणा नातेवाइकाकडची घरची मिरी मिळत असेल तर तीच आणा आणि ऐन वेळी खलबत्त्यात कुटा. जायफळ चिमटीपेक्षा जास्त नको, पण त्याने चीजची चव उठून येते.

पीठ शिजवणं

गॅस पेटवण्याआधी ओव्हन २२० अंशांवर तापत ठेवा. ओटीजी म्हणजे ओट्यावर ठेवायचा छोटा विजेचा ओव्हन असेल तर वरचा आणि खालचा असे दोन्ही रॉड चालू, जाळी मधल्या खणात. निदान २० मिनिटं तापू द्या. दिवा विझला म्हणजे आतली हवा तापली, भिंती आणि जाळी तापायला आणखी वेळ लागतो. ट्रेवर बेकिंगचा पार्चमेंट कागद अंथरा. बटर पेपर म्हणून विकला जाणारा पातळ कागद पुष्कळदा चिकटतो. चांगला कागद नसेल तर ट्रेला तुपाचा अगदी हलका हात फिरवून वर मैदा भुरभुरा. तूप जास्त झालं तर पफ वर चढण्याऐवजी आडवे पसरतात.

जाड बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात पाणी आणि लोण्याचे बारीक तुकडे घाला. आच मध्यम. लोणी पूर्ण वितळायच्या आत पाणी उकळत राहिलं तर ते आटून प्रमाण बदलतं, म्हणून तुकडे बारीकच हवेत. लोणी वितळून पाण्याला खळखळून उकळी फुटली की पातेलं खाली उतरवा आणि चाळलेला सगळा मैदा एकदम ओता. थोडा थोडा घातला तर गुठळ्या होतात. लाकडी उलथण्याने जोरात घोटा. अर्ध्या मिनिटात कोरडा मैदा दिसेनासा होऊन गोळा जमतो.

आता पातेलं पुन्हा मंद ते मध्यम आचेवर. नवीन माणूस बहुतेक इथेच घाई करतो. गोळा जमला म्हणजे झालं असं वाटतं, पण खरं काम आता सुरू होतं. दोन ते तीन मिनिटं गोळा पातेल्यात दाबत, उलटत, फिरवत राहा. झाकण नको. वाफ दिसायला हवी, ती जाणं हाच हेतू आहे. जितकं पाणी आता उडेल तितकं जास्त अंडं पीठ पुढे सामावून घेईल, आणि तितका पफ फुगेल. पातेल्याच्या तळाला मैद्याची पातळ साय धरली, गोळा चकचकीत होऊन कडा सोडायला लागला की गॅस बंद करा. नॉनस्टिक भांड्यात ती साय धरत नाही, म्हणून स्टीलच बरं. फार वेळ शिजवूही नका. गोळ्यातून लोणी सुटून तेलकट थेंब दिसायला लागले तर मर्यादा ओलांडली असं समजा.

गोळा दुसऱ्या वाडग्यात काढून पसरा आणि अधूनमधून हलवत पाच मिनिटं निवू द्या. उन्हाळ्यात आठ मिनिटं लागतील. पंख्याखाली ठेवलं तरी चालेल. बोट आत खुपसून सहज धरवलं पाहिजे. अंडं साठीच्या वर काही अंशांतच घट्ट होऊ लागतं, त्यामुळे गोळा गरम असताना घातलं तर त्याची भुर्जीच होते.

अंडी घालणं

फेटलेलं अंडं चार-पाच भागांत घाला. पहिला भाग घातला की पीठ फुटतं, त्याचे निसरडे तुकडे होतात, आणि आता हे जुळणार नाही असं वाटतं. घोटत राहा, मिनिटभरात ते पुन्हा एकजीव होतं. तसं झाल्यावरच पुढचा भाग. हाताने दमायला होत असेल तर हँड मिक्सर सगळ्यात कमी वेगावर चालवा.

दोन अंड्यांइतकं गेलं की मोजमापावर विसंबू नका, पिठाकडे बघा. पावसाळ्यात आपला मैदा डब्यातच दमट झालेला असतो, मग अंडं कमी लागतं. जानेवारीतल्या कोरड्या दिवसांत थोडं जास्त लागतं. म्हणून शेवटचा भाग चमच्याचमच्याने घाला आणि प्रत्येक वेळी पारखा. उलथणं पिठात बुडवून वर उचला. पीठ तुटून धपकन पडलं तर अजून अंडं हवं. धार लागून वाहिलं तर जास्त झालं. ते हळूहळू घसरत उलथण्याच्या टोकाला त्रिकोण करून लोंबत राहिलं तर थांबा. पिठात बोटाने रेघ ओढली तर ती सावकाश मिटायला हवी.

जास्त अंडं पडलं तर कोरडा मैदा मिसळून उपयोग नाही, तो शिजलेला नसतो. त्यापेक्षा अर्ध्या मापाचा नवा गोळा शिजवून त्यात हे सैल पीठ थोडं थोडं घाला आणि पुन्हा त्रिकोण पारखा.

आता किसलेलं ५० ग्रॅम चीज, हर्ब, मिरी, जायफळ घालून हलक्या हाताने कालवा.

ट्रेवर आणि ओव्हनमध्ये

पायपिंग बॅग असेल तर १ सेंटीमीटरचं गोल नोजल लावा. नसेल तर जाड प्लॅस्टिकची स्वच्छ पिशवी भरून कोपरा कापा, किंवा सरळ दोन चमच्यांनी गोळे टाका. चमच्याचे पफ ओबडधोबड दिसतात, चवीत काही उणं नसतं. प्रत्येक गोळा साधारण ४ सेंटीमीटर रुंद, आणि दोघांमध्ये तितकीच किंवा थोडी जास्त जागा. वर टोक राहिलं असेल तर बोट पाण्यात बुडवून दाबून टाका, नाहीतर ते आधी करपतं. उरलेलं अंडं ब्रशने लावा, कडेने ट्रेवर ओघळू देऊ नका, कारण ते चिकटून पफला वर चढू देत नाही. वरून उरलेलं चीज भुरभुरा.

२२० अंशांवर १० मिनिटं. मग १८० वर आणून आणखी १५ ते २० मिनिटं. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हला पंखा असतो, त्यात २०० आणि १६५ अंश पुरतात, पण रिकामा असताना चांगला तापवून घ्या. पहिली २० मिनिटं दार अजिबात उघडू नका. आत काय चाललंय ते असं: पिठातल्या पाण्याची वाफ होऊन ती बाहेरचा ओला पडदा फुगवत असते, आणि भिंती अजून कच्च्या असतात. त्या वेळी गार हवा आत शिरली तर वाफेचं पाणी होतं आणि पफ बसतात, मग ते परत उठत नाहीत. पावसात मध्येच लाईट गेली तरी दार बंदच ठेवा. ओव्हन नीट तापलेला असेल तर तो बराच वेळ उष्णता धरून राहतो, आणि लाईट लवकर आली तर पफ वाचतात.

रंग बघून फसू नका. चीजमुळे वरचा भाग लवकर सोनेरी होतो आणि काढायचा मोह होतो. खऱ्या खुणा दोन. बाजूच्या भेगाही वरच्या इतक्याच तपकिरी हव्यात, फिकट दिसल्या तर आत ओल आहे. आणि पफ हातात हलका लागला पाहिजे, तळाला टकटक केल्यावर पोकळ वाजला पाहिजे.

मग शेवटची वाफ. ओव्हन बंद करा, ट्रे बाहेर काढा, प्रत्येक पफच्या बाजूला टूथपिकने एक भोक पाडा आणि ट्रे परत आत ठेवून दार लाकडी चमच्याने किलकिलं ठेवा. १० मिनिटं. आपल्या हवेत ही पायरी गाळलीत तर तासाभरात पफ मऊ पडणारच, कारण बाहेरची दमट हवा आणि आतली कोंडलेली वाफ दोन्ही बाजूंनी कवच भिजवतात. नंतर जाळीवर काढा, ताटात एकावर एक रचू नका.

आतून थोडे मऊ, ओलसर धागे राहणं योग्यच आहे. पिठूळ चिकट लागलं तर भाजणं कमी झालं. सगळे पफ भाजतानाच चपटे राहिले असतील तर अंडं जास्त गेलं, किंवा गोळा आचेवर पुरेसा सुकला नाही, किंवा ओव्हन सांगतो तेवढा तापत नाही. हा तिसरा प्रकार वाटतो त्याहून जास्त आढळतो. ओव्हनमध्ये ठेवायचा साधा थर्मामीटर घ्या, बटणावरचा आकडा आणि आतला आकडा यांत २० अंशांचा फरक निघू शकतो. फुगून नंतर बसले असतील तर मात्र पीठ ठीक होतं, लवकर काढले इतकंच.

आधी करून ठेवायचे असतील तर

भाजलेले पफ गोव्यात डब्यात टिकत नाहीत. दुसऱ्या दिवशी १७० अंशांवर पाच-सहा मिनिटं ठेवले की परत कुरकुरतात, मायक्रोवेव्हमध्ये मात्र चामड्यासारखे होतात. त्याहून चांगला उपाय म्हणजे कच्चे गोळे ट्रेसकट फ्रीजरमध्ये घट्ट करून पिशवीत भरून ठेवणं. महिनाभर छान राहतात. नाताळात पाहुणे दारात आले की हवे तेवढे काढायचे, न वितळवता तसेच तापलेल्या ओव्हनमध्ये घालायचे आणि १८० अंशांवरचा वेळ चार-पाच मिनिटांनी वाढवायचा. तोवर चहा होतो.

नुसते गरम गरम खाण्यात जी मजा आहे ती भरण्यात नाही असं माझं मत. तरी पोकळ पफ बघून भरायचा मोह होतोच. मग बाजूने चीर देऊन आळंबीची घट्ट परतलेली भाजी, कोळंबीचं बालचांव (तिखट-आंबट लोणच्यासारखा प्रकार) किंवा कांद्याबरोबर परतून तेल निथळलेला चोरीस (गोव्याचं डुकराच्या मांसाचं मसालेदार सॉसेज) एक एक चमचा भरा. सारण कोरडं आणि कोमट हवं, रस सुटलेला नको, आणि भरायचे ते बशी टेबलावर जाण्याच्या पाच मिनिटं आधी.